गच्चीवरची स्ट्रॉबेरी: चार जाती, एक हंगाम आणि माझा कौल

पुण्यात गच्चीवर स्ट्रॉबेरी येते का, असं मला अजूनही लोक विचारतात. येते, आणि भरपूर येते. विचारायचं असेल तर जात कुठली लावू ते विचारा, कारण अख्खा हंगाम त्यावर ठरतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी स्वीट चार्ली, विंटर डॉन, कॅमारोझा आणि अल्बियन या चार जाती शेजारी-शेजारी लावल्या. माती, पाणी, खत, ऊन सगळ्यांना सारखं. एप्रिलपर्यंत जे दिसलं आणि चाखलं, ते सविस्तर लिहितो.

आधी बियांचं. ऑनलाइन निळ्या, काळ्या स्ट्रॉबेरीच्या बियांची पाकिटं विकतात, त्यांच्या नादी लागू नका. निळी स्ट्रॉबेरी जगात कुठेही नाही. आणि आपण खातो ती स्ट्रॉबेरी मुळात संकरित, त्यामुळे बियांतून आईसारखं रोप येत नाही. जात जशीच्या तशी हवी असेल तर रनरपासून, म्हणजे रोपातून जमिनीलगत पसरणाऱ्या फुटव्यापासून, केलेलं रोपच आणायचं. महाबळेश्वर, पाचगणी, वाई भागातले शेतकरीही परदेशातून मदर प्लांट, म्हणजे मूळ मातृरोपं, आणून त्यांच्या रनरपासून रोपं वाढवतात आणि पावसाळा सरता सरता शेतात लावतात.

स्वीट चार्ली ही माझी पहिली पसंती, आणि तिच्यात नि बाकीच्यांत बरंच अंतर आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाने 1992 मध्ये आणलेली ही जात. फ्लोरिडातही थंडी सौम्य असते आणि स्ट्रॉबेरीचा हंगाम ऐन हिवाळ्यात. आपल्याकडे देशावरही तेच. पुण्यात खरी थंडी डिसेंबर-जानेवारीची, फेब्रुवारी संपता संपता ऊन चढतं. एवढ्या अवधीत जी जात लवकर फुलते तीच पदरात काही टाकते. स्वीट चार्लीने डिसेंबरच्या सुरुवातीलाच फळं दिली. रंग गडद नसतो, नारिंगीकडे झुकणारा लाल. देठाखालचा खांदा पिकल्यावरही थोडा फिकट राहतो. ते बघून कच्चं समजू नका. आंबटपणा कमी, गोडी थेट जिभेवर येते. फळ मऊ असतं, तोडल्यावर दुसऱ्या दिवशीच मलूल होतं. व्यापाऱ्याला हा दोष वाटेल. घरी फळ रोपावरून तोंडात जायला कितीसा वेळ लागतो?

विंटर डॉन त्याच विद्यापीठाची, तीही लवकर येणारी. फळ मोठं, देखणं, आणि एका रोपाला लागतंही भरपूर. पनेटमध्ये, म्हणजे बाजारातल्या छोट्या प्लास्टिकच्या डबीत, भरायला उत्तम. चव मात्र स्वीट चार्लीच्या खालची, विशेषतः ढगाळ हवेत पिकलेली फळं पाणचट लागली. मुलांना मोठं फळ तोडायचा आनंद हवा असेल, मिल्कशेक करायचा असेल, तर जरूर लावा.

कॅमारोझाबद्दल माझं मत या हंगामात पूर्ण बदललं. ही कॅलिफोर्नियाची, टणक, लांबचा प्रवास सोसणारी जात. बाजारात मिळते ती बाहेरून लाल आणि आतून पांढरी, कारण दूर पाठवायची म्हणून पूर्ण पिकायच्या आधीच तोडलेली असते. स्ट्रॉबेरी आंब्यासारखी अढीत पिकत नाही. तोडल्यावर रंग थोडा चढेल, गोडी वाढत नाही. घरी मी ती गडद, जवळजवळ मरून रंगाची होईपर्यंत रोपावरच ठेवली. चपट्या पाचरीसारखं ते फळ कापलं तर आतपर्यंत लाल, वास खोलीभर, आणि आंबट-गोड अशी भरघोस चव. जॅमला याच्यासारखं दुसरं फळ नाही. अडचण एवढीच की ती उशिरा बहरते; जानेवारीच्या मध्यापर्यंत धीर धरावा लागतो आणि मग महिना-दीड महिन्यात ऊन गाठतं.

अल्बियन ‘बारमाही’ म्हणून विकतात. तिचं फुलणं दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसतं हे खरं, पण उष्णतेपुढे तिचंही चालत नाही. कॅलिफोर्नियाच्या समुद्राकाठच्या थंड उन्हाळ्यात ती महिनोन्‌महिने फळते. पुण्यात मार्चमध्ये पारा पस्तिशीकडे गेला तशी तिची फुलं बंद झाली, बाकीच्यांच्या बरोबरच. फळ लांबट, घट्ट, चवीला छान, पण संख्या इतकी कमी की कुंडी अडवून ठेवावी असं वाटत नाही. जादा पैसे ‘बारमाही’ या एका शब्दासाठी देऊ नका.

रोपं घेताना जातीची खात्री करा. एका रोपवाटिकेने मला कॅमारोझा म्हणून दिलेल्यांत काही रोपं भलतीच निघाली, आणि ते कळलं थेट फळ लागल्यावर. म्हणून शक्यतो स्वतः ती जात पिकवणाऱ्या शेतकऱ्याकडूनच घ्या.

बाकी निगा कुठल्याही जातीला तीच. पुण्याची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून मी लाल माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत वापरलं. लावताना क्राउन, म्हणजे जिथून पानं फुटतात तो गड्डा, मातीच्या वर राहिला पाहिजे. पुरला की सडतो. आणि फुलांकडे लक्ष द्या. फळावरचा एकेक बारीक दाणा म्हणजे एकेक परागण, जिथला दाणा पोकळ राहिला तिथलं फळ फुगत नाही. उंच गच्चीवर मधमाश्या कमी येतात, त्यामुळे सुरुवातीची फळं एका बाजूने दबलेली होती. रोज सकाळी दहाच्या सुमारास मऊ ब्रश प्रत्येक फुलावर गोल फिरवायला लागलो तशी फळं सुबक आली. बुलबुलांसाठी जाळी हवीच, फळ लाल व्हायची वाट ते आपल्याहून बारकाईने बघतात.

उन्हाळा-पावसाळ्यात रोपं जगवायच्या मागे लागू नका. महाबळेश्वरातही दरवर्षी नवी लागवड होते. येत्या हंगामात माझ्या निम्म्याहून जास्त कुंड्या स्वीट चार्लीच्या, जॅमपुरती कॅमारोझा, दोन-तीन विंटर डॉन, आणि अल्बियन नाही. रोपांची मागणी गणपतीच्या आसपासच सांगून ठेवा, उशीर झाला की उरलंसुरलं हाती येतं.