मुलाचे ओले अंथरूण, माझी लघवीची घाई आणि ॲक्युपंक्चर

माझ्या आठ वर्षांच्या मुलाचे अंथरूण आठवड्यातून पाच-सहा रात्री ओले होत असे, आणि मला स्वतःला लघवीची भावना झाली की स्वच्छतागृहापर्यंत पोहोचणेही कठीण होई. त्यामुळे एकाच ॲक्युपंक्चर केंद्रात आम्ही दोघांनी उपचार घेतले. दोघांना आलेला अनुभव मात्र इतका वेगळा आहे की, केवळ ‘गुण आला’ किंवा ‘आला नाही’ असे लिहिणे योग्य होणार नाही.

त्याआधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो. तिथे मुलाला न तपासताच दहा बैठकांत त्रास कायमचा थांबेल असे आश्वासन मिळाले आणि बालरोगतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या लगेच बंद करण्यास सांगण्यात आले. आम्ही तिथून परत आलो. नंतरच्या केंद्रातील उपचारकांनी आधी मूत्रतपासणीचा अहवाल मागितला, मुलाला फार तहान लागते का, वजन घटले आहे का, पूर्वी सलग सहा महिने अंथरूण कोरडे राहिले होते का, शौचास रोज साफ होते का, हे सारे विचारले. मधुमेह, जंतुसंसर्ग आणि बद्धकोष्ठता यांमुळेही अंथरूण ओले होऊ शकते, हे विचारात घेतल्याशिवाय सुई हाती न घेणारा उपचारक मला विश्वासार्ह वाटतो. त्यांनी दोन दिवस लघवी मोजून नोंदवायलाही सांगितले. वयात एक मिळवून तीसने गुणले की मुलाच्या मूत्राशयाची अपेक्षित क्षमता मिलिलिटरमध्ये मिळते. आमच्या मुलाची ती २७० यायला हवी होती, पण त्याची सर्वांत मोठी नोंदही १८० च्या पुढे गेली नाही.

मुलाला सुयांची भीती वाटत असल्याने त्याच्यासाठी लेझर वापरले. बेंबीच्या खाली, कमरेवर आणि घोट्याच्या आतल्या बाजूला चार बोटे वर असलेल्या बिंदूंवर ते काही क्षण धरीत; त्यात त्वचेला छिद्र पडत नाही आणि त्याला ते दुखलेही नाही. दहा बैठकांनंतर ओल्या रात्री आठवड्याला चारपर्यंत आल्या. परंतु याच काळात डॉक्टरांनी त्याच्या बद्धकोष्ठतेवरही उपचार सुरू केले होते, त्यामुळे या सुधारणेचे श्रेय मी प्रामाणिकपणे लेझरला देऊ शकत नाही. शिवाय पाच वर्षे वयाच्या सुमारे १५ टक्के मुलांना हा त्रास असतो आणि पुढे दरवर्षी त्यांतील साधारण तितक्याच टक्के मुलांचा तो आपोआप थांबतो, हेही लक्षात ठेवावे लागते. मुलांच्या या त्रासावरील पर्यायी उपचारांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने २०११ मध्ये आढावा घेतला, तेव्हा ॲक्युपंक्चरच्या बाजूचा पुरावा दुर्बळ असल्याचे त्यांना आढळले. आमच्या घरी खरा बदल घडवला तो अंथरुणातील ओलाव्याने वाजणाऱ्या अलार्मने. सुरुवातीचे तीन आठवडे अलार्म वाजला की मुलाऐवजी मीच जागी होई आणि त्याला उठवून नेई. दहाव्या आठवड्यापर्यंत मात्र सलग चौदा रात्री कोरड्या गेल्या.

माझ्या बाबतीत याच केंद्राबद्दल मी बरेच चांगले सांगू शकते. घोट्याच्या वर एक बारीक सुई टोचून तिच्यातून सौम्य विद्युतप्रवाह सोडला की पायातील टिबियल या मज्जातंतूमार्फत मूत्राशयाच्या नियंत्रणावर परिणाम होतो. ॲक्युपंक्चरमधील एका जुन्या बिंदूच्या अगदी जवळच ही जागा आहे आणि मूत्ररोगतज्ज्ञही हा उपचार वापरतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२० प्रौढांच्या चाचणीत आठवड्याला एक अशा बारा बैठकांनंतर ५४.५ टक्के रुग्णांना लक्षणीय सुधारणा जाणवली, तर नकली उपचार घेतलेल्यांपैकी २०.९ टक्क्यांना. मलाही प्रत्येकी अर्ध्या तासाच्या बाराच बैठका दिल्या. पायाचा अंगठा आपोआप वाकू लागला की प्रवाह योग्य जागी पोहोचल्याची खूण पटत असे. पाचव्या बैठकीपर्यंत काहीच फरक नव्हता आणि मी उपचार सोडण्याच्या विचारात होते. आठवीनंतर रात्रीचे उठणे चारवरून दोनवर आले.

स्वच्छतेत मला उणे काढण्यासारखे काही दिसले नाही. प्रत्येक वेळी सीलबंद पाकिटातून नवी सुई माझ्यासमोर काढली जाई, आणि ओटीपोटावर सुई लावायची असेल तेव्हा आधी लघवी करून येण्यास आवर्जून सांगितले जाई. भरलेल्या मूत्राशयावर सुई टोचणे धोक्याचे असते. तक्रार एकच आहे. सुधारणा टिकवण्यासाठी पुढेही अधूनमधून बैठका लागतात, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते. ते शेवटच्या बैठकीत कळले. मी आता महिन्यातून एकदा तिथे जाते. मुलाला मात्र नेत नाही.