डिस्प्ले येत नव्हता म्हणून नवा संगणक दुरुस्तीला दिला आणि १७,१५० रुपयांना लुबाडलो गेलो

नव्याने जोडलेला संगणक सुरू केल्यावर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पडदा मात्र काळाच राहतो, ही अवस्था ज्यांनी अनुभवली आहे त्यांना त्या वेळची घालमेल वेगळी सांगायला नको. त्याच घालमेलीत मी संगणक एका दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती सोपवला आणि त्याने मला १७,१५० रुपयांना लुबाडले. तक्रार प्रलंबित असल्यामुळे त्याचे नाव येथे लिहीत नाही. त्याची पद्धत मात्र तपशिलाने लिहितो, कारण ती कोणावरही वापरता येण्यासारखी आहे.

मी आंधळेपणाने जोडणी केलेली नव्हती, हे आधी स्पष्ट करतो. माझ्या एएमडी कंपनीच्या रायझन ५६००एक्स या प्रोसेसरमध्ये अंतर्गत ग्राफिक्स नसते, त्यामुळे मॉनिटरची केबल मदरबोर्डाला लावली तर काहीच दिसणार नाही, हे मला ठाऊक होते आणि केबल ग्राफिक्स कार्डालाच लावलेली होती. प्रोसेसरला वीज देणारी ८ पिनांची केबल बसलेली होती, रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये होती, बायोस (संगणक सुरू होताना सर्वात आधी चालणारी, मदरबोर्डावरच साठवलेली प्रणाली) रीसेट करून झाले होते. माझ्या बी५५० मदरबोर्डावरच्या चार लहान दिव्यांपैकी ‘सीपीयू’ असे लिहिलेला, म्हणजे प्रोसेसरपाशी अडचण असल्याचे सांगणारा दिवा सतत लागून राहत होता. ज्याच्याकडे तपासून पाहायला दुसरा प्रोसेसर नाही, त्याने यापुढे घरी काय करायचे होते?

त्या माणसाने कॅबिनेट ठेवून घेतले, तपासणीचे ५०० रुपये आगाऊ घेतले आणि संध्याकाळी फोन केला. “साहेब, सॉकेटच्या पिना वाकल्यात, वॉरंटीत बसणार नाही. पॉवर सप्लायपण गेलाय.” पाठोपाठ त्याने एक छायाचित्र पाठवले. त्यात सोनेरी पिनांच्या दाट रांगा होत्या आणि एका कोपऱ्यात तीन-चार पिना आडव्या झालेल्या स्पष्ट दिसत होत्या.

त्या छायाचित्राची आठवण झाली की आजही संताप अनावर होतो, कारण माझ्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसवण्याच्या जागेत, पिना असूच शकत नाहीत. इंटेलने डेस्कटॉप प्रोसेसरवरच्या पिना काढून त्या बोर्डावर नेण्यास २००४ मध्ये सुरुवात केली आणि एएमडीने आपल्या नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरसाठी तेच २०२२ मध्ये एएम५ सॉकेटबरोबर केले. माझा बोर्ड त्याआधीच्या एएम४ सॉकेटचा होता. त्यात पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि सॉकेटला नुसती बारीक छिद्रे असतात. म्हणजे मला दाखवलेला फोटो दुसऱ्याच कोणाच्या बोर्डाचा होता. तो प्रोसेसर मी स्वतः कडेने धरून, कोपऱ्यातला त्रिकोण जुळवून, अलगद छिद्रांवर ठेवला होता, आणि तरीही हा पुरावा माझ्या डोळ्यांसमोर असताना फसवणूक ओळखता आली नाही. परंतु वॉरंटी गेली असे ऐकल्यावर माणूस वाकलेल्या पिनांकडे पाहतो, त्या कोणत्या बोर्डाच्या आहेत याकडे पाहत नाही, आणि हे लुबाडणाऱ्याला पक्के माहीत असते. असा फोटो आला तर बोर्डाचे मॉडेल आणि अनुक्रमांक एकाच फ्रेममध्ये दिसेल असा दुसरा फोटो लगेच मागा.

‘सॉकेट दुरुस्ती’चे ४,५०० आणि नव्या पॉवर सप्लायचे ५,८०० रुपये देऊन संगणक घरी आणला. डिस्प्ले आला होता. जुना पॉवर सप्लाय मागितला तेव्हा “जळालेला घेऊन काय करणार?” असे उत्तर मिळाले. बदललेला भाग परत मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. तो भाग तुमचाच असतो.

खरा दोष काय होता ते बायोसच्या पडद्यावर कळले. बी५५० बोर्ड २०२० च्या जूनमध्ये बाजारात आले आणि माझा प्रोसेसर ज्यातला आहे ती रायझन ५००० मालिका त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये आली, त्यामुळे सुरुवातीच्या साठ्यातील बोर्डांना हे प्रोसेसर बायोस अद्ययावत केल्याशिवाय ओळखता येत नाहीत. बोर्डावरच्या स्टिकरवर जुनी आवृत्ती छापलेली होती आणि पडद्यावर नवी दिसत होती. त्याने केलेले काम एवढेच होते. निर्मात्याच्या संकेतस्थळावरून फुकट मिळणारी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन, प्रोसेसर न ओळखताही चालणारे बायोस फ्लॅशबॅकचे बटण दाबले की ते होते, आणि ते बटण माझ्या बोर्डाच्या मागेच होते.

यापेक्षा वाईट पुढेच होते. सहज म्हणून डिस्कच्या वापराचे तास दाखवणारे क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर चालवून पाहिले, तर मी ६,३५० रुपयांना घेतलेली, एकदाही वापरात न आलेली एसएसडी (माहिती साठवणारी डिस्क) ११,२४० तास चाललेली निघाली. खोक्यावरचा अनुक्रमांक वेगळा आणि आतल्या एसएसडीचा वेगळा. पडदा काळा असेपर्यंत आत कोणता भाग आहे हे विचारायचे साधनच आपल्याकडे नसते, आणि हात मारला जातो तो याच काळात. संगणक बाहेर देण्यापूर्वी प्रत्येक भागाच्या अनुक्रमांकाचा फोटो काढा आणि एसएसडी काढून घरीच ठेवा. डिस्प्ले येण्यासाठी ती लागतच नाही.

पोलीस ठाण्यात अंमलदारांनी मला तासभर बसवून ठेवले आणि ‘हा दिवाणी मामला आहे’ असे सांगून वाटेला लावले. अनुक्रमांक वेगळे आहेत, म्हणजे वस्तू बदलून घेतलेली आहे, ही चोरी नव्हे तर काय, असे विचारल्यावर मला विचारण्यात आले की, संगणक चालू झाला ना, मग तक्रार कसली! पैसे मी स्वतः पाठवले असल्यामुळे बँकेने हात झटकले. ग्राहक तक्रारीच्या सेवेने दुकानदाराचे पक्के बिल मागितले. माझ्याकडे ‘संगणक दुरुस्ती’ एवढेच खरडलेली पावती होती, आणि पक्के बिल न देणे हाच ज्याच्या धंद्याचा भाग आहे त्याच्याविरुद्ध पक्के बिल कोठून आणायचे, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. शेवटी ‘समोरच्या पक्षाचा प्रतिसाद नाही’ असा शेरा मारून तक्रार बंद करण्यात आली. प्रतिसाद न देणाऱ्याची तक्रार त्याच कारणाने बंद होणार असेल, तर प्रतिसाद द्यावा असे कोणाला वाटेल? प्रत्येक खिडकीवर मलाच उलटतपासणी द्यावी लागली आणि त्याला मात्र एक फोनसुद्धा गेला नाही.

पावतीवर प्रत्येक भागाचे मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घेतल्याशिवाय कॅबिनेट कोणाच्या हाती सोपवू नका. नकार मिळाला तर तेथूनच परत फिरा. दोन्ही अनुक्रमांकांची छायाचित्रे, वापराच्या तासांची नोंद आणि त्या माणसाने पाठवलेले ते पिनांचे छायाचित्र जोडून मी आता वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली आहे आणि तिची पोच शिक्क्यासह घेतली आहे.