लिफ्ट किटच्या नावाखाली १,४३,५०० रुपयांना फसवलं

आगाऊ ६०,००० यूपीआयने, गाडी ताब्यात घेताना ७५,००० रोख, मजुरीचे ८,५०० वेगळे. एकूण १,४३,५०० रुपये. आणि गाडीची उंची वाढवायच्या या कामात माझ्या मारुती जिम्नीला मिळालं काय? स्प्रिंगांवर बसवलेल्या चार प्लास्टिकच्या चकत्या, म्हणजे स्पेसर, आणि पिवळा स्प्रे पेंट.

ठरलं होतं ते असं: ऑस्ट्रेलियातून आलेलं दोन इंची किट. चार नव्या स्प्रिंगा, चार लांब शॉकअप, कास्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा पुढच्या चाकांचा कोन) सुधारणारे बुश (जोडांतले मऊ तुकडे), अ‍ॅडजस्टेबल पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा), लांब ब्रेक होज (ब्रेकच्या लवचिक नळ्या). मी काही न वाचता, न विचारता गेलो नव्हतो. जिम्नीला पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आहे, म्हणजे डावं-उजवं चाक एकाच आडव्या दांड्याने जोडलेलं. गाडी उचलली की पॅनहार्ड रॉडमुळे अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो, कास्टर कमी होतो आणि स्टिअरिंग सरळ राहत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच "स्पेसर नकोत, पूर्ण किट लावा" असं त्या पिंपरी-चिंचवडकडच्या गॅरेजवाल्याला मी स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. त्याने नेमके स्पेसरच घातले.

संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तेव्हा त्याने टेप लावून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजून दाखवलं. बरोबर ५० मिलिमीटर वाढ. पण स्पेसरनेही गाडी तेवढीच उंच होते, त्यामुळे नुसत्या उंचीवरून काहीच सिद्ध होत नाही. वाकून पाहिलं तर पिवळ्या स्प्रिंगा, पिवळे शॉकअप, वर कंपनीचं स्टिकर. मी म्हटलं, "जुन्या स्प्रिंगा आणि शॉकअप मागे डिकीत टाका."

"दादा, ते तर सकाळीच भंगारवाला घेऊन गेला. तुम्ही काय करणार त्याचं?"

इथेच. इथेच मला कळायला हवं होतं. फारशा न चाललेल्या गाडीच्या कंपनीच्या स्प्रिंगा कोणता गॅरेजवाला भंगारात घालतो? त्यांना गिऱ्हाईक मिळतं. परत देण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतंच, कारण जुना माल माझ्या गाडीतच होता. अजूनही रात्री हे वाक्य आठवलं की झोप उडते. पण अंधार पडत आलेला, ६०,००० आधीच त्याच्याकडे अडकलेले, समोरचा माणूस दादा-दादा करत चहा पुढे करतोय. अशा वेळी "गाडी परत वर घे आणि रंग खरवडून दाखव" असं कोण म्हणेल? पक्कं बिल व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो म्हणाला. ते आजवर आलेलं नाही. रोख मागितली की तिथेच थांबा आणि जीएसटी क्रमांक छापलेलं बिल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. तो क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर कोणालाही तपासता येतो.

साताऱ्याच्या रस्त्याला ८० च्या वेगात गाडी डावी-उजवीकडे पळायला लागली. स्पीडब्रेकरवरून उतरताना चाक खाली सुटलं की ठक्क आवाज, कारण मूळ शॉकअप तेवढा लांबतच नाही. बायको-मुलं गाडीत होती. दुसऱ्या मेकॅनिककडे रॅम्पवर घेतली. त्याने पॉलिश पेपरने रंग घासला आणि खालून कंपनीचा काळा रंग आला. पॅनहार्ड रॉड मूळचाच. बुश मूळचेच. ब्रेक होज पूर्ण ताणलेले, आणि ब्रेकशी खेळ करणाऱ्याला मी माफ करणार नाही. सगळं काढून गाडी पूर्ववत करायला आणखी ११,२०० गेले.

पोलीस चौकीत पहिलं वाक्य: "ही दिवाणी बाब आहे, ग्राहक आयोगात जा." मी म्हटलं, नवा माल सांगून जुन्यालाच रंग मारला, ही फसवणूक नाही? तर मलाच उलटा प्रश्न: "गाडीत बदल करायला आरटीओची परवानगी घेतली होती का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ माहीत आहे ना?" माहीत आहे. मूळ रचनेबाहेरच्या बदलांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये काय म्हटलं तेही वाचलंय, आणि मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो हेही. हे तुम्हीही आधी वाचा, कारण असले गॅरेजवाले त्याच भीतीवर धंदा करतात. पण माझा दंड मी भरेन, त्याची चोरी त्याने माझ्या दंडात का लपवावी? अर्ज घ्यायला तयार नाहीत. घेतला तर पोच द्यायला तयार नाहीत. "साहेब बंदोबस्तात आहेत, सोमवारी या." सोमवारी साहेब बदललेले, नव्यांना सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगा. सायबरवाले म्हणतात, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवले, हे आमच्याकडे येत नाही. बँकेचंही तेच. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर समोरच्याकडून उत्तर आलं नाही म्हणून ती बंद केली! उत्तर येत नाही म्हणूनच तर तक्रार केली होती ना? जो तो पुढच्या खिडकीकडे बोट दाखवतो, आणि तो माणूस रोज नवी गाडी वर घेतोय.

किटचा सीलबंद खोका तुमच्यासमोर उघडायला लावा. स्प्रिंगेवरच्या पार्ट नंबरचा फोटो काढा, आणि काम चालू असताना तिथून हलू नका. जुने भाग त्याच दिवशी ताब्यात घ्या. कामानंतर अलाइनमेंटचा छापील कागद मागा, त्यात कास्टरचा आकडा हवा. चार स्प्रिंगा, चार शॉकअप, बुश आणि रॉड हे सगळं दुपारच्या जेवणाआधी झालं असं सांगितलं तर पैसे देऊ नका.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार तयार करतोय. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे शुल्क नाही. यूपीआयची पावती, त्याचे मेसेज, घासलेल्या स्प्रिंगेचे फोटो आणि दुसऱ्या मेकॅनिकचं सही-शिक्क्याचं पत्र जोडलंय. समान तक्रार असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र दाद मागता येते. कोणाच्या गाडीत अशाच पिवळ्या स्प्रिंगा असतील, तर आधी एक कोपरा घासून पाहा, फोटो काढून ठेवा आणि मला कळवा.