चिकटवलेला ई-मार्क आणि गेलेले ८,४४० रुपये

जुन्या धाटणीच्या ३५० सीसी मोटारसायकलला एलईडी हेडलाइट बसवून देतो असे सांगून एका विक्रेत्याने माझ्याकडून ८,४४० रुपये उकळले आणि रस्त्यावर वापरण्याच्या लायकीची नसलेली वस्तू गळ्यात मारली. हिशेब असा: सात इंची गोल दिव्याचे ६,८५०, रिलेसह (बॅटरीतून थेट दिव्याला प्रवाह देणारा स्विच) वायरिंग हार्नेसचे, म्हणजे वायरींच्या जुडग्याचे १,३९०, बसवण्याची मजुरी ७००, आणि माझा मूळ हेडलाइट ‘एक्स्चेंज’ म्हणून ठेवून घेतल्याचे ५०० वजा. यांतले २,००० रुपये यूपीआयने आगाऊ दिले होते. सर्वांत जास्त संताप त्या वजा झालेल्या ५०० रुपयांचा येतो, कारण फसवणूक उघड झाली तेव्हा परत बसवायला मूळ दिवाच हाताशी उरला नव्हता आणि तसाच नवा घ्यायला २,३२० रुपये वेगळे मोजावे लागले. जुना दिवा कोणालाही देऊ नका, भंगारात जायच्या लायकीचा वाटला तरी देऊ नका.

हा खर्च मी मिरवण्यासाठी केला नव्हता. पावसाळी रात्री घाट उतरताना ६०/५५ वॅटच्या एच-४ हॅलोजनचा पिवळा उजेड ओल्या डांबरात जिरून जातो आणि वळणावर पडलेला दगड अगदी जवळ आल्यावर दिसतो. ज्याने असा प्रवास केला आहे तो माझी गरज समजू शकेल. विक्रेत्याचे समाजमाध्यमावरचे पान व्यवस्थित होते, ग्राहकांची छायाचित्रे होती, आणि बोलण्यात ल्यूमेन, केल्विन, बीम पॅटर्न असे शब्द इतक्या सफाईने येत होते की माणूस जाणकार आहे असे कोणालाही वाटले असते.

आता त्या क्षणाविषयी, जो आठवला की अजूनही हात शिवशिवतात. खोका उघडल्यावर मी दिव्याच्या काचेवर ई-मार्क, म्हणजे दिवा युरोपीय मानकांनुसार मंजूर असल्याची खूण, शोधला, कारण जाहिरातीत त्याचाच डांगोरा पिटला होता. खूण होती: वर्तुळातला ई आणि शेजारी मंजुरी देणाऱ्या देशाचा ४ हा आकडा. अंगठा फिरवला तेव्हा त्या वर्तुळाची कड नखाखाली किंचित उचलली गेली आणि खाली चिकट, धूळ धरलेली रेघ दिसली. खऱ्या दिव्यावर ही खूण काचेतच उठावाने ओतलेली असते, ती नखाने निघत नाही. मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “दादा, वरची फिल्म आहे ती, धुतल्यावर निघून जाईल. डोळे झाकून न्या.” तोपर्यंत माझा मूळ दिवा उघडून बाजूला ठेवलेला होता, हेडलाइटच्या डब्यातून वायरी लोंबत होत्या, आगाऊ रक्कम त्याच्या खिशात होती, आणि गाडी ढकलत घरी नेणे शक्य नव्हते. त्या अवस्थेत वाद घालायला कोण उभा राहील? हा सगळा डाव त्याच क्रमाने रचलेला असतो: आधी तुमची गाडी उघडी करायची आणि मगच खोका फोडायचा. म्हणून नवा दिवा हातात घेऊन पारखल्याशिवाय गाडीला पाना लावू देऊ नका.

दुसरी गोष्ट, हेडलाइट एसीवर (सतत दिशा बदलणाऱ्या प्रवाहावर) चालतो की डीसीवर (बॅटरीच्या एकाच दिशेच्या प्रवाहावर), हे विक्रेत्याने विचारलेच नाही. कित्येक जुन्या मोटारसायकलींचा हेडलाइट थेट अल्टरनेटरच्या (इंजिनावर वीज तयार करणाऱ्या भागाच्या) एसीवर चालतो आणि तिथे डीसीचा एलईडी दिवा नीट चालत नाही. खरा कारागीर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतो.

दिवा विक्रेत्याने भर दुपारी लावून दाखवला. उन्हात एलईडीच्या पांढऱ्या ठिपक्यांकडे पाहून डोळे दिपतात आणि प्रकाश भरपूर आहे असे वाटते. अंधार पडल्यावर भिंतीसमोर गाडी उभी केली, तेव्हा डिपरच्या उजेडाला वरची कडच नव्हती, जी उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ देत नाही. नुसता पांढरा फापटपसारा, अर्धा झाडांच्या शेंड्यांवर आणि अर्धा समोरच्याच्या डोळ्यांत. समोरून येणारे चालक चिडून दिवे उघडझाप करत होते आणि त्यांचे काहीही चुकत नव्हते. पुढे एका जाणत्या इलेक्ट्रिशियनने मीटर लावला. खोक्यावर ७५ वॅट छापले होते, म्हणजे १२ व्होल्टवर सहा अँपिअरच्या आसपास प्रवाह यायला हवा. प्रत्यक्षात दीड अँपिअर, साधारण २० वॅट. एलईडीला वॅट कमी लागतात हे खरे, पण मग ७५ कशासाठी छापले? हार्नेसची वायर त्याने खरवडली तर तांब्याचा मुलामा निघून आत पांढरे अ‍ॅल्युमिनियम दिसले, आणि बॅटरीपासून निघणाऱ्या वायरीला फ्यूजच नव्हता. ही फसवणूक रुपयांपुरती राहत नाही. अशा वायरीत शॉर्ट झाला तर गाडी पेटू शकते. पहिल्याच पावसात काचेच्या आत बाष्प साचले आणि ते गेलेच नाही.

विक्रेत्याने आधी ‘बघतो’, मग ‘वॉरंटीत पाण्याचे नुकसान येत नाही’ असे सांगितले आणि शेवटी माझा क्रमांक ब्लॉक केला. त्यानंतर सुरू झाला कार्यालयांचा फेरा. पोलीस ठाण्यात उत्तर मिळाले की वस्तू मिळाली आहे, पैसे राजीखुशीने दिले आहेत, तेव्हा हा दिवाणी वाद आहे. तिथूनच सायबर विभागाचा रस्ता दाखवण्यात आला. तिथे सांगितले की समोरासमोर दिवा बसवून घेतला, मग यात सायबर काय? बँकेने व्यवहार तुम्हीच मंजूर केला होता म्हणून हात वर केले. ज्या समाजमाध्यमावर जाहिरात पाहिली, त्यांचे म्हणणे असे की सौदा आमच्याबाहेर झाला. परिवहन कार्यालयातल्या एका महाशयांनी तर मलाच दम दिला की परवानगीशिवाय वाहनात बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. कायद्यात तशी तरतूद आहे, हे मान्य. पण खोटी खूण चिकटवून असे दिवे खुलेआम विकणाऱ्याला हात लावायचा नाही आणि तक्रार घेऊन आलेल्याला कलमे ऐकवायची, ही कुठली रीत? एकाही टेबलावर कोणी तो दिवा हातात घेऊन पाहिला नाही. प्रत्येकाने रक्कम ऐकली आणि ‘एवढ्याशासाठी?’ असा चेहरा केला. ही टोळकी चालतात ती याच चेहऱ्याच्या भरवशावर.

शेवटी ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. अडचण एकच, जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल नाही, संदेशांचे स्क्रीनशॉट आणि यूपीआयची नोंद एवढ्यावरच भिस्त आहे. बिल देत नसेल तर तिथूनच मागे फिरा. पैसे देऊनही वस्तू आलीच नाही, तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा; वस्तू निकृष्ट असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद करून तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.

उजेड वाढवण्यासाठी मला एवढे काही करायचीही गरज नव्हती, हे त्याच इलेक्ट्रिशियनने दाखवून दिले. मूळ धाटणीचा नवा दिवा, तोच ६०/५५ वॅटचा बल्ब, आणि फ्यूज व रिलेसह खऱ्या तांब्याचा हार्नेस. लांबलचक बारीक वायर आणि हँडलवरचा स्विच यांत व्होल्टेज पडते आणि हॅलोजनचा उजेड त्याहून कितीतरी जास्त घटतो. रिले लावून प्रवाह थेट बॅटरीतून आणल्यावर तोच बल्ब झळाळला आणि भिंतीवर डिपरची कड स्वच्छ उमटली.

त्या विक्रेत्याचे पान आता वेगळ्या नावाने सुरू आहे, छायाचित्रे मात्र तीच आहेत. ज्यांच्याकडे असा चिकटवलेल्या खुणेचा दिवा आला असेल, त्यांनी तो फेकू नये, खूण खरवडून काढू नये, खोका आणि व्यवहाराची नोंद जपून ठेवावी आणि आपापल्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार नोंदवावी.