डबा बंद, नेट चालू

मे महिन्याच्या शेवटी वळवाच्या पावसात नाशिकच्या अंबडला वीज कडाडली आणि आमच्या ऑफिसातल्या फायरवॉलचा, म्हणजे इंटरनेटवरून येणारं-जाणारं तपासणाऱ्या डब्याचा, अडॅप्टर जळाला. राउटर इन्व्हर्टरवर होता, तो वाचला. आता नेट गेलं म्हणून मी कपाळाला हात लावला, तर अकाउंटवाल्या ताई निवांत जीएसटीचं पोर्टल उघडून बसलेल्या. डबा बंद आणि नेट चालू! मला चक्क आनंद झाला, हे आज लिहिताना लाज वाटते.

माझं सीएनसी जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप आहे. मोठ्या ग्राहकाच्या ऑडिटमध्ये प्रश्न आला, की आमची ड्रॉइंग ज्या कॉम्प्युटरवर ठेवता, तिथे फायरवॉल आहे का? नव्हता. ओळखीतून एकजण आला. त्रिमूर्ती चौकाच्या पुढे गाळा, गोड बोलणं, दर वाक्याला ‘शेठ’. ७८,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ९२,०४०. बिलावर लिहिलेलं: ‘एंटरप्राइज फायरवॉल, कायमस्वरूपी लायसन्स, ब्रिज मोड व पोर्ट सेटिंगसह’.

या ‘ब्रिज मोड’ शब्दावर त्याने मला सहा महिने खेळवलं. बसवताना विचारलं, कॉम्प्युटरचे आयपी, म्हणजे नेटवर्कमधले पत्ते, बदलावे लागतील का? “नाही शेठ, ब्रिज मोड आहे.” हे खरं होतं. एरवी फायरवॉल आतलं आणि बाहेरचं नेटवर्क वेगळं करतो. ब्रिजमध्ये तो वायरीसारखा मधोमध बसतो, आतले १९२.१६८.१ वाले पत्ते तसेच राहतात, फक्त जाणारं-येणारं सगळं त्याच्या पोटातून जातं आणि नियमांना घासून जातं. डबा बंद पडल्यावर फोन केला तेव्हाही तेच उत्तर: “शेठ, ब्रिज मोड ना! लाइट गेली तरी नेट पास होतं.” पहिलं खरं होतं म्हणून मी दुसरंही गिळलं.

रविवारी भाचा मिसळ खायला आला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला सांगितलं तर रश्श्याचा ठसकाच लागला. “मामा, तसं होतं, पण ज्याला बायपास पोर्ट असतात त्यालाच. आत रिले असतो, लाइट गेली की दोन पोर्ट आपोआप जोडले जातात. तुमच्या डब्यात तसलं काही दिसत नाही. तो बंद म्हणजे नेट बंदच पडायला पाहिजे.”

जेवण अर्धवट टाकून आम्ही वर्कशॉपला गेलो. भाचा मोबाइलची बॅटरी लावून टेबलाखाली शिरला. राउटरमधून निळी केबल निघाली होती ती थेट नेटवर्कच्या स्विचमध्ये, जिथे सगळे कॉम्प्युटर जोडलेले असतात. डब्याच्या लॅन (आतल्या बाजूच्या) पोर्टातून एक केबल स्विचला. आणि वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) पोर्टातली केबल छान टाय मारलेल्या जुडग्यात शिरून रॅकच्या मागे संपत होती. तिचं दुसरं टोक कशालाच लावलेलं नव्हतं. प्लास्टिकची क्लिप हवेत. सहा महिने मी रोज सकाळी त्या डब्यावरचे हिरवे दिवे बघत होतो; वॅनचा दिवा कधीच लागत नव्हता, हे काही दिसलं नाही.

भाच्याचा अंदाज असा, की त्याने आधी दोन्ही वाटा जोडल्या असणार. राउटर ते स्विच एक वाट थेट, दुसरी ब्रिजमधून, म्हणजे लूप; डेटा गोल गोल फिरत राहतो. सगळं नेटवर्क ठप्प. मग जमेना म्हणून एक टोक काढून गुपचूप बांधून टाकलं. मला आठवलं, त्या दिवशी तासभर नेट गेलं होतं आणि हा “फर्मवेअर चढतंय” म्हणत चहा पीत बसला होता.

नवा अडॅप्टर आणून मॉनिटर जोडला तर ‘कायमस्वरूपी लायसन्स’चाही उलगडा झाला. आत पीएफसेन्स नावाचं फायरवॉलचं सॉफ्टवेअर. चांगलं आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण त्याची कम्युनिटी आवृत्ती फुकट मिळते. मेहनतीचे पैसे माग ना बाबा, लायसन्स कसलं विकतोस? ब्राउझरमधून सेटिंगचं पान उघडलं, तिथे ब्रिजच्या टॅबमध्ये त्याने सात-आठ नियम लिहिलेले होते, हेच दाखवून त्याने चेक नेला होता. पीएफसेन्स मूळ सेटिंगमध्ये ब्रिजवरचे नियम तपासतच नाही; ब्रिजमध्ये घेतलेल्या वॅन आणि लॅन पोर्टांवरचे तपासतो. तिथे दोन्हीकडे एकच ओळ: कुठूनही कुठेही, सगळ्याला परवानगी. म्हणजे केबल लावली असती तरी दार सताड उघडंच.

खरी भीती राउटरमध्ये निघाली. ताईंना घरून टॅली वापरता यावं म्हणून त्याने ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा (लांबून कॉम्प्युटर चालवायचा) पोर्ट थेट टॅलीच्या कॉम्प्युटरकडे वळवला होता; हा पोर्ट म्हणजे केबलची खाच नव्हे, इंटरनेटवरून आत यायचं क्रमांकाचं दार. भाच्याने त्या कॉम्प्युटरचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला. नोंद क्रमांक ४६२५, म्हणजे फसलेलं लॉगिन. रात्री दोनला, तीनला, admin हे नाव वेगवेगळ्या स्पेलिंगने, पानंच्या पानं. एकही घुसला नाही, हे नशीब आणि ताईंचा लांबलचक पासवर्ड.

ताईंनी तर डिसेंबरातच सांगितलं होतं, “दादा, ते बिल टू-बीमध्ये दिसत नाहीये.” टू-बी म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी. मी म्हटलं, भरेल पुढच्या महिन्यात. आता पोर्टलवर त्याचा जीएसटी नंबर टाकला तर नोंदणी रद्द, तीसुद्धा बिलाच्या आधीची. बिलातल्या जीएसटीचं १४,०४० रुपयांचं क्रेडिटही (आपल्या करातून मिळणारी वजावट) गेलं. फोन बंद, गाळ्यावर ‘भाड्याने देणे आहे’. पोलिसांत अर्ज दिलाय. सीबीएसजवळचे आमचे वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलेली वस्तू, मग तुम्ही ‘ग्राहक’ ठरता का, ग्राहक आयोगात पहिला वाद त्याच्यावरच होईल.

दुसरा माणूस बघूनच आणला. त्याने पहिल्यांदा विचारलं ते हे: ब्रिज कोण, राउटर की फायरवॉल? दोन्ही वेगळ्या गोष्टी. राउटर ब्रिजमध्ये टाकला तर इंटरनेट कंपनीचं युजरनेम-पासवर्ड फायरवॉलमध्ये भरायचं, आणि पोर्टही तिथेच उघडायचे. फायरवॉल ब्रिजमध्ये असेल तर पोर्ट राउटरमध्येच राहतात. पहिल्याने हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. आम्ही राउटर ब्रिजला टाकला, त्याचं वायफाय बंद केलं (ते फायरवॉलच्या बाहेर राहतं), ३३८९ काढून ताईंना व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसपर्यंतची कुलूपबंद वाट, दिलं. डबा तोच वापरला, ५,००० मजुरी.

पैसे देण्याआधी मी डब्याचा प्लग उपटला. आतून ताई ओरडल्या, “दादा, नेट गेलं!” पुन्हा लावला, दोन मिनिटं थांबलो, आणि मग चेकबुक काढलं.