थर्मोस्टॅट वॉल्व्ह परत बसवल्यानंतरची जुनी अल्टो

जुन्या अल्टोला किंवा एट हंड्रेडला ‘पिकअप नाही’ म्हणून खर्च करायला निघाला असाल, तर आधी एक गोष्ट बघा. इंजिनात थर्मोस्टॅट वॉल्व्ह, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाण्याला रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप, आहे का? नीट चालतो की नाही ते नंतर. मुळात आहे का?

माझी 2007 ची अल्टो एलएक्सआय, एमएच 12, पंधरा वर्षांनंतरचं रीपासिंग झालेली, गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर घेतली. 796 सीसी, तीन सिलिंडर, नवी असताना 47 पीएस. त्यापेक्षा जास्त मला नकोच होते. कंपनीने दिलेले तेवढे तरी चाकापर्यंत पोहोचावेत, एवढीच अपेक्षा. कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढताना तिसऱ्यावर यावं लागायचं आणि मागचा ट्रक लाइट मारायचा. मायलेज लिटरला 12-13. घरचे सगळे ई 20 पेट्रोलला दोष देत होते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते हे खरं, पण वीस टक्के मिसळीचा हिशेब केला तर फरक सहा-सात टक्क्यांचा निघतो. माझ्या मायलेजमधली घट त्याहून कितीतरी मोठी होती.

सल्ले भरपूर मिळाले. उघडा गोल एअर फिल्टर लावा म्हणाले. तो बॉनेटखालची तापलेली, विरळ हवा ओढतो, आणि पुण्यातली बांधकामांची धूळ अठरा वर्षांच्या इंजिनात जाऊ द्यायची माझी तयारी नाही. इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणारी चिप बसवा म्हणाले. या इंजिनाला टर्बो नाही, मग चिप वाढवणार काय? त्या डबीच्या किमतीत माझे चारही टायर येतात. सायलेन्सर बदलायचा विषय मी ऐकूनच घेतला नाही. मूळ रचनेत असे फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं आहे.

मी केलं ते साधं. थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) साफ, टॅपेट (वॉल्व्हच्या फटीचं) सेटिंग, नवा एअर फिल्टर, इरिडियम टोकाचे स्पार्क प्लग. जॅकवर घेऊन चाकं हाताने फिरवली तर मागचं डावं ब्रेक ड्रम धरत होतं, तेही मोकळं केलं. गाडी सुधारली. त्या आठवड्यात कोणी विचारलं असतं तर सगळं श्रेय मी इरिडियमला दिलं असतं. थंडी पडली आणि गाडी पुन्हा मरगळली.

खूण अशी होती की सिंहगड रस्त्याच्या गर्दीत गाडी बरी चालायची आणि बायपासला लागली की जड व्हायची. हे उलटं वाटतं ना? कोणत्याही गॅरेजवाल्याने यावर विचार केला नाही. डिसेंबरात पाचगणीला जाताना काचेवर वाफ धरली म्हणून बायकोने हीटर लावला, तर कोमट वारा. हीटर इंजिनाच्याच गरम पाण्यावर चालतो, आणि इंजिन तर इतकं चालून आलेलं. टेम्परेचरचा काटा पार खाली. दुसऱ्याच दिवशी थर्मोस्टॅट जिथे बसतो ते हाउसिंग उघडायला लावलं. आत रिकामं! वॉल्व्ह कोणीतरी काढून टाकला होता आणि रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी साधं पाणी होतं.

“साहेब, आपल्याकडे थंडी कुठे असते? सगळ्यांचे काढतो आम्ही.” हे वाक्य मी या शहरात एकाहून जास्त गॅरेजमध्ये ऐकलंय आणि दर वेळी डोकं फिरतं. बाहेर 12 अंश असोत की 40, इंजिनाला स्वतःचं पाणी 80-90 च्या आसपास हवं असतं. वॉल्व्हमधलं मेण तेवढं तापलं की फुगतं आणि रेडिएटरची वाट उघडते. वॉल्व्हच नसेल तर पाणी सतत रेडिएटरमधून फिरत राहतं. बायपासला समोरून वारा लागला की इंजिन गार पडतं, सेन्सर ‘अजून थंड आहे’ असं कळवतो आणि ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जादा पेट्रोल सोडत राहतो. प्लग काळे पडतात, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं. गर्दीत वारा नाही, म्हणून तिथे गाडी बरी.

नाना पेठेतून वॉल्व्ह, गॅस्केट आणि कूलंट आणलं. वॉल्व्ह इरिडियमच्या एका प्लगपेक्षाही स्वस्त पडला. बोगद्याचा चढ आता चौथ्यावर जातो, मायलेज 17 च्या आसपास आहे, सकाळी गाडी लवकर तापते. खात्री करायला मी मुद्दाम साधे प्लग परत घालून महिनाभर चालवली. काडीचा फरक नाही. इरिडियम बायकोच्या मावसभावाला देऊन टाकले.

एप्रिलमध्ये मात्र मत थोडं बदलावं लागलं. राजाराम पुलाजवळच्या गर्दीत काटा वर चढायला लागला. काचा उघडल्या, हीटर फुल गरम करून गाडी कडेला घेतली. रेडिएटरचा फॅन फिरतच नव्हता, त्याला वीज देणारा स्विच, म्हणजे रिले, गेला होता. आधीच्या मालकाची गाडी गरम झाली असणार, कोणीतरी रिले तपासायचे कष्ट न घेता वॉल्व्ह उपटला असणार, आणि इंजिन कायम थंड राहिल्याने पावसाळ्यात-थंडीत फॅनचं दुखणं झाकलं गेलं. त्यामुळे वॉल्व्ह बसवताना त्याच दिवशी गाडी उभी ठेवून चालू द्या, एसी बंद ठेवा, आणि फॅन आपोआप लागतो का ते स्वतः उभं राहून बघा. रेडिएटर कॅप आणि होस पाइपही जुने असतील तर बदला.

चार माणसं भरून सिंहगडाच्या वरच्या वळणांवर अजूनही पहिला गियर लागतो आणि एसी बंद करावा लागतो. 62 न्यूटन मीटर टॉर्कमध्ये ते तसंच राहणार, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पुढच्या सर्व्हिसला तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घेणार आहे. वॉल्व्ह काढायचा नाही, हे जॉब कार्डवर आधीच लिहून देतो.