उन्हाळी पाककला शिबिर: कॉलेजचं, स्टुडिओचं की काकूंच्या ओट्यावरचं?

मार्च संपत आला की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोहण्याच्या बॅचबरोबर 'ज्युनिअर शेफ'चीही पोस्टरं यायला लागतात. पांढरी टोपी घातलेलं गोंडस पोर, हातात कपकेक, खाली 'सर्टिफिकेट मिळेल'. तुमच्याकडे आठवी ते बारावीतलं मूल असेल आणि ते मनापासून 'मला स्वयंपाक शिकायचाय' म्हणत असेल, तर ही पोस्टरं बाजूला ठेवा आणि जरा माझं ऐका. गेल्या दोन उन्हाळ्यांत आमच्या घरात तिन्ही प्रकार करून झाले. भाचा दहावीची परीक्षा संपल्यावर हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजच्या शिबिराला गेला. लेक नववीच्या आधीच्या सुट्टीत अगोदर एका बेकिंग स्टुडिओत गेली, मग सदाशिव पेठेतल्या एका काकूंकडे.

फी भरण्याआधी विचारायचा खरा प्रश्न मला तिसऱ्या खेपेला सुचला: शेगड्या किती आणि मुलं किती? समजा रोज ३ तास असे १० दिवस, म्हणजे ३० तास. २४ मुलं, ६ शेगड्या, म्हणजे एका शेगडीला चौघं. रोजचा पाऊण तास हजेरीत, समजावण्यात, हात धुण्यात जाणार. उरलेले सव्वादोन तास चौघांत वाटले की तुमच्या पोराच्या वाट्याला दिवसाची जेमतेम ३४ मिनिटं येतात. दहा दिवसांत साडेपाच तास. फीला ३० नं नाही, या साडेपाचनं भागायचं. काकूंकडे सहाच मुलं होती आणि तीन शेगड्या. बाकी सगळी तुलना यानंतरची.

कॉलेजच्या शिबिरात पहिले दोन दिवस खायला काहीच मिळालं नाही म्हणून भाचा वैतागला होता. पायात पुढून बंद बूट नाहीत म्हणून दोन मुलांना दारातूनच परत पाठवलं. मग सुरी. कांदा धरताना बोटांची टोकं आत वळवायची, अंगठा मागे ठेवायचा आणि पातं बोटांच्या पेरांना टेकून खाली आणायचं. त्यानंतर गाजराचे ३ मिलिमीटरचे चौकोनी तुकडे, ज्याला तिथे ब्रुन्वाज म्हणतात. सर फूटपट्टी घेऊन टेबलाटेबलावर फिरत होते. ती गाजरं डब्यातून घरी आली आणि आम्ही तीन दिवस कोशिंबीर खाल्ली.

पण त्या पोराच्या हातात जे बसलं ते अजून आहे. कच्च्या मटणाचा चॉपिंग बोर्ड लाल, माशांचा निळा, एकाचं काम दुसऱ्यावर नाही. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये फार वेळ ठेवायचं नाही, कारण जंतू तिथेच भराभर वाढतात. रात्रीची आमटी ओट्यावर झाकून ठेवायची माझी जुनी सवय त्यानं त्या मे महिन्यात मोडली. पुण्यात तेव्हा ओटाच पस्तीस अंशांवर असतो, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. मैदा लोण्यात परतून दूध घालत केलेला व्हाइट सॉस तो गुठळ्या न होता करतो. भाकरी मात्र त्यांनी शिकवली नाही, आणि विचारल्यावर 'इंडियन मॉड्यूल वेगळं आहे' असं उत्तर मिळालं. ज्वारी इंडियन नसावी बहुतेक.

शेवटच्या दिवशी मुलांनी साठ माणसांचं जेवण काढलं. चार तास उभं राहून, भट्टीसारख्या खोलीत. घरी येऊन भाचा म्हणाला, "मावशी, मला हे आवडतं, पण रोज नाही." त्यानं कॉमर्स घेतलं. त्याच्या आईला वाटलं पैसे वाया गेले. माझं मत अगदी उलटं आहे: हॉटेल मॅनेजमेंटची चार वर्षांची डिग्री अर्ध्यात सोडण्यापेक्षा दहा दिवसांत कळलेलं बरं.

स्टुडिओबद्दल मी जरा कडू आहे, ते आधीच सांगते. जागा सुंदर, एसी, पांढरेशुभ्र ओटे, प्रत्येकाला नावाचा एप्रन. जाहिरातीत 'हँड्स-ऑन' लिहिलेलं. पहिल्या दिवशी लेक देखणा केक घेऊन आली. स्पंज कसा केलास विचारलं तर म्हणाली, स्पंज आधीच तयार होता, आम्ही क्रीम लावलं. दुसऱ्या दिवशी प्रीमिक्स: पुडी फोडा, पाणी आणि तेल घाला, फेटा. चौथ्या दिवशी चॉकलेट, तेही कंपाउंड. कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पतीजन्य तूप असतं. ते वितळवून साच्यात ओतलं की झालं. खऱ्या चॉकलेटला तसं चालत नाही. डार्क चॉकलेट ४५ अंशांच्या पुढे वितळवायचं, ढवळत २७-२८ पर्यंत खाली आणायचं आणि परत ३१-३२ वर घ्यायचं, तेव्हा ते चकचकीत होतं आणि मोडताना कट्‌ आवाज येतो. यालाच टेंपर करणं म्हणतात. त्यातलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे पुण्याच्या मे महिन्यात एसीशिवाय हा खेळच नाही. एसीचे पैसे घेतले, आणि ज्याला एसी लागतो तेच शिकवलं नाही.

सगळे स्टुडिओ असे नसतात. मैत्रिणीच्या मुलीनं दुसरीकडे थर्मामीटर हातात घेऊन चॉकलेट टेंपर केलं आणि तीनदा बिघडवलं, तरी कुणी रागावलं नाही. म्हणून फोनवर एवढं विचाराच: प्रीमिक्स की मैदा-बेकिंग पावडर मोजून? चॉकलेट कंपाउंड की खरं? बिघडलं तर पुन्हा करायला देता का? आणि एगलेस की अंड्याचं? आपल्याकडे बरेच वर्ग एगलेस असतात, घरी अंडं चालत नसेल तर उत्तमच. पण मूल पुढे याच वाटेनं जाणार असेल तर अंडं काय काम करतं, पांढरं फेटल्यावर हवा कशी धरतं, हे हाताला कळायला हवं. शिवाय घरी ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, नसेल तर स्टुडिओत शिकलेलं जूनपर्यंत विसरलं जातं. आमचंही तेच झालं.

आता काकू. पहिला वर्ग घरी नव्हताच, सकाळी सातला महात्मा फुले मंडईत होता. प्रत्येकाला दोनशे रुपये आणि 'सहा माणसांची भाजी आणा' एवढंच. भेंडीचं टोक मोडून बघायचं, नुसतं वाकलं तर जून. लेक कैऱ्या घेऊन आली, कारण कैऱ्या सुंदर दिसत होत्या. काकू म्हणाल्या, "बरं, आज कैरीची डाळ आणि मेथांबा. पण भाजी कुठाय गं?"

फोडणी त्यांनी तोंड फिरवून शिकवली. मुलांनी मोहरी टाकायची आणि कढईकडे न बघता ऐकायचं. तडतड मंदावली की जिरं, मग हिंग, हळद सगळ्यात शेवटी आणि लगेच भाजी, नाहीतर हळद जळते. पुरणाची परीक्षा चमच्यानं: कढईत चमचा उभा राहिला तर झालं, कलला तर अजून आटवा. हे सगळं कुठल्या छापील नोटमध्ये नव्हतं. नोट्सच नव्हत्या. लेकीला तेच खटकायचं. एकदा तिनं विचारलंच, "काकू, अंदाजे म्हणजे किती ग्रॅम?" काकूंनी वजनकाटा पुढे सरकवला. "मोज माझी मूठ." तीनदा डाळ उचलली: ४२, ४०, ४३.

दोषही सांगते. चॉपिंग बोर्डांचे रंग वगैरे काही नाही, एकच विळी. थर्मामीटर नाही. जेवण शाकाहारीच. पाहुणे आले म्हणून दोन दिवस सुट्टी मिळाली आणि बदली दिवस कधी ते शेवटपर्यंत ठरलं नाही. मुलाला पाठवणार असाल तर आधी विचारून घ्या. या काकूंकडे दोन मुलगे होते, पण दुसऱ्या एका ठिकाणी 'मुलगा?' असा प्रश्न मी स्वतः ऐकलाय. भांडी मात्र सगळ्यांना घासावी लागली. कॉलेजात ती कामगार घासायचे, स्टुडिओत ताई. दहा दिवसांत लेकीनं कमीत कमी भांड्यांत स्वयंपाक कसा करायचा हे शोधून काढलं. ते शिकवावं लागलं नाही.

मग कुणाला कुठे? मूल दहावी-अकरावीत आहे आणि हॉटेल लाइनचं नाव काढतंय, तर कॉलेजचंच शिबिर, आणि तेही जिथे खरं मोठं किचन आहे तिथलं. पण सर्टिफिकेटच्या मोहात पडू नका. बारावीनंतर केंद्राच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थांसाठी एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा असते, राज्यात हॉटेल मॅनेजमेंटची सीईटी असते. तिथे परीक्षेतले गुण बघतात, उन्हाळी शिबिराचा कागद नाही. बारावी कुठल्याही शाखेची चालते, केंद्राच्या संस्थांना इंग्रजी विषय मात्र हवा. उत्सुकता असेल तर शिवाजीनगरला मॉडेल कॉलनीत राज्याची संस्था आहे, मुलाला बाहेरून तरी दाखवून आणा. आठवी-नववीतल्या, किंवा पुढे हॉस्टेलला जाणाऱ्या मुलांना मी डोळे झाकून काकूंकडे पाठवीन. स्टुडिओ फक्त घरी ओव्हन असेल आणि वरच्या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली तरच.

जाण्यायेण्याचा विचार लवकर करा. वनाज ते रामवाडी मेट्रो झाल्यापासून कोथरूडचं पोर एकटं बंडगार्डनपर्यंत जाऊ शकतं, पण स्टेशनपासून पुढचा दीड किलोमीटर दुपारी दोनच्या उन्हात असतो. दहावीत जाणाऱ्यांचे व्हेकेशन क्लास सकाळ खातात. सगळ्यात मोकळा वेळ दहावीची परीक्षा दिलेल्यांकडे असतो.

आमच्याकडे यंदा दहावीचं वर्ष, लेकीला फक्त संध्याकाळ रिकामी. काकूंना फोन केला तर म्हणाल्या, "सातला माझी मालिका असते. त्याआधी भांडी आवरून जाणार असेल तर पाठव."